उशीखालची कादंबरी आणि शनिवारची सही

आदरणीय बाई,

आम्ही इंदिरानगरला राहतो. मी पतसंस्थेत नोकरी करते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मुलगी आठवीत, तेरा पूर्ण. धाकटा तिसरीत. मुलीला वाचनाचं वेड आहे आणि मला त्याचं कौतुकही होतं. गेल्या आठवड्यात तिची गादी झटकताना उशीखाली एक कादंबरी सापडली, शाळेच्या लायब्ररीतली. सहज उघडली, तर जे पान निघालं ते वाचून माझे हातपाय गार पडले. एक काका आपल्या पुतणीशी नको ते वागतो, त्याचं वर्णन. भाषाही उघडीवाघडी, शिव्यांसकट. मी पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं आणि मुलीला काही बोलले नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, लायब्ररी बंद करून टाक. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी त्या पानाचा फोटो एका मैत्रिणीला पाठवला होता, तिने तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आता शनिवारच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना निवेदन द्यायचं ठरलंय, असली पुस्तकं लायब्ररीतून काढा म्हणून. सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून पहिली सही माझी हवी असं सगळ्या म्हणतात. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. पुस्तक काढून घेऊ का? सही करू का? आणि मुलांनी कोणत्या वयात काय वाचावं हे आईबापांनी ठरवायचं तरी कसं?

— एक आई, नाशिक

ताई,

सभेचं नंतर बोलू. पुस्तकाचंही नंतर. आधी आज रात्रीचं काम सांगते, कारण ते उद्यावर ढकललंत तर हातचं जाईल.

त्या पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्या ग्रुपमधल्या निम्म्या आयांचे फोन संध्याकाळी मुलांच्याच हातात असतात. कुणाच्या घरी, कुणाच्या उशीखाली, हे मधल्या सुट्टीत वर्गाला कळायला वेळ लागणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट वर्गातल्या मुलांकडून कळली, तर पुस्तकात काय होतं हा प्रश्नच उरत नाही. आईने आपली वस्तू गुपचूप उघडली, फोटो काढला आणि गावभर केला, एवढंच तिच्या लक्षात राहील. म्हणून आज जेवणं झाली, धाकटा झोपला, की तिच्याजवळ बसा आणि सरळ सांगा: "तुझी गादी झटकताना हे पुस्तक दिसलं. एक पान वाचून मी घाबरले. घाबरून फोटो पाठवला, तो पुढे गेला. तुला विचारायला हवं होतं." एवढंच. लगेच "पण तू असलं का वाचतेस" हे शेपूट जोडू नका. ती चिडेल, रडेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या.

आणि तो फोटो पुन्हा एकदा नीट बघा. तिची चादर, पेन्सिलने केलेली खूण, समासातलं अक्षर असं काही त्यात दिसत असेल, तर मैत्रिणीला फोन करून तो ग्रुपवरून काढायला लावा. संकोच करू नका.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. "सहज उघडली, तर जे पान निघालं." शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे सांगते. पुस्तक सहज उघडतं तेव्हा बऱ्याचदा ते जिथे जास्त वेळ उघडं धरलेलं असतं तिथेच उघडतं. तिथली बांधणी सैल होते, पानं जराशी फाकतात. परत आलेलं पुस्तक टेबलावर उभं धरून सोडून दिलं, की मुलं कुठे रेंगाळली होती ते ते पुस्तकच सांगायचं. कधी ते चित्राचं पान असायचं, कधी भांडणाचं, कधी तुम्हाला सापडलं तसलं. पुस्तक लायब्ररीचं आहे, तेव्हा ते पान दुसऱ्या कुणी दाबून ठेवलेलं असू शकतं. पण तुमच्या लेकीनेही असू शकतं.

रेंगाळण्याची कारणं अनेक. बहुतेक वेळा निव्वळ कुतूहल. जे घरात कुणी बोलत नाही ते इथे छापलेलं आहे, एवढ्यानेही मूल तेच पान चारदा वाचतं. कधी भीती असते. वाचलेलं डोक्यातून जात नाही, म्हणून पुन्हा बघावंसं वाटतं. कधी मैत्रिणीने काही सांगितलेलं असतं आणि ते खरंच असं असतं का, हे ताडून पाहायचं असतं. आणि क्वचित, अगदी क्वचित, स्वतःचं काही असतं. घाबरवायला म्हणत नाही. पण ही शक्यता मनात ठेवून आई बोलते तेव्हा तिचा सूर आपोआप बदलतो. दरडावणारी आई आणि विचारणारी आई यांना मुलगी वेगवेगळं उत्तर देते.

तेव्हा पुस्तक काढून घेऊ नका. मागून घ्या. "मला वाचायला देशील का? तुझं झालं की दे." आणि खरंच वाचा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पतसंस्थेची नोकरी, घर, दोन मुलं, कुठून आणायचा वेळ, हे मला कळतं. पण जे पुस्तक शाळेतून काढून टाका असं सांगायला तुम्ही निघाला आहात, ते निदान एकदा वाचलेलं असावं. हे यांनाही सांगा. लायब्ररी बंद करायची तर आधी चार रात्री त्यांनीही वाचावं.

वाचताना काय बघायचं? त्या पानाच्या आधी काय आहे आणि नंतर काय होतं, हे बघा. ती पुतणी कुणाला सांगते का? तिच्यावर विश्वास ठेवला जातो का? घरातले काकाला पाठीशी घालतात का, आणि घालत असतील तर लेखक त्या घरातल्यांच्या बाजूने उभा आहे की पोरीच्या? तो प्रसंग वाचताना हातपाय गार पडले, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे लेखकाने आपलं काम बरोबर केलं असण्याची शक्यता आहे. तोच प्रसंग चवीने, वाचणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात असा लिहिला असता, तर तुम्हाला वेगळंच काही वाटलं असतं. हा फरक तुम्हाला पानावरच्या शब्दांवरून नाही, तर पूर्ण कथेवरून कळेल. एकाच पानाचा फोटो काढला तर दोन्ही सारखेच दिसतात.

हा वाद आपल्याकडे कोर्टातही होऊन गेलाय, आणि तोही एका मराठी कथेवरून. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालून वर जात तो सुप्रीम कोर्टात पोचला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. कथा सगळी मिळून वाचायची असते, हे तर कोर्टाने सांगितलंच. पण त्या निकालातलं मला जास्त आवडणारं म्हणणं किशोरवयीन मुलांबद्दलचं आहे: स्त्रीपुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी मुलांना वर्ज्य ठरवायची, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. पन्नासहून जास्त वर्षं झाली या निकालाला. आणि खरं सांगू, धार्मिक पुस्तकांतही सुटका नाही. आपल्या नाशिकच्या तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतानाचा पुतळा आहे. पाहुणे आले की आपण चारपाच वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन तो दाखवतो आणि ती गोष्ट सांगतो. बाई लग्नाचं विचारायला आली, चिडली, धावून गेली, तिचं नाक-कान कापलं. द्रौपदीला भरसभेत ओढून आणल्याची गोष्टही पहिली-दुसरीतच ऐकवून होते. तिथे कुणी पालकसभा बोलवत नाही. बोलवावी असंही माझं म्हणणं नाही. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली भयंकर गोष्टही मूल पचवतं, कारण ऐकताना मध्येच "का कापलं पण?" असं विचारायची सोय असते.

सासूबाईंचं 'आमच्या वेळी असलं नव्हतं' हे वाक्य मी फार आयांकडून ऐकलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी शेंगा सोलत बसल्या असताना विचारा, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं? लग्नाच्या आधी काय माहीत होतं? कुठल्या नातेवाइकाच्या घरी एकटं जायचं नाही, असं कुणी बजावलं होतं का, आणि का बजावलं होतं? त्या वयाच्या बायकांशी असं बोलले तेव्हा थोड्या वेळाने सूर पालटलेला मी पाहिलाय. असलं सगळं त्यांच्या वेळीही होतं. पुस्तकात नव्हतं, एवढंच. मुलीशी मोकळेपणाने बोलायच्या तुमच्या प्रयत्नाला घरातून पाठिंबा मिळालाच, तर तो यांच्याआधी सासूबाईंकडून मिळेल असं मला वाटतं.

तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय चालतं याचा एक पुरावा जगासमोर आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी आपल्याकडे कितीतरी घरांत असते, बक्षीस म्हणून मुलींना देतात. तिच्या वडिलांनी १९४७ साली ती छापायला दिली तेव्हा तिचं शरीराबद्दलचं काही लिखाण आणि आईवरचा राग गाळला होता. प्रेमळ बाप होता, लेक गेलेली होती, त्याला ते जमलं नाही. त्याला दोष देववत नाही. गाळलेला मजकूर पुढे सविस्तर आवृत्तीत परत आला. आणि २०१८ साली संशोधकांनी तिने स्वतःच तपकिरी कागद चिकटवून झाकलेली दोन पानं मागून प्रकाश टाकून वाचली. त्यांत काय निघालं, तर काही चावट विनोद आणि पाळी, शरीरसंबंध, वेश्याव्यवसाय यांबद्दल एका मुलीला काय काय वाटतं ते. लिहिलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती, तुमच्या लेकीएवढी. बाहेर नाझी पोलीस आणि आत हे. आपल्या डोक्यातलं कुणी वाचू नये म्हणून तिने कागद चिकटवला. तुमच्या लेकीने उशी ठेवली. मुलं या वयात विचार करणारच. तो पुस्तकाने सुरू झालेला नसतो.

यांचं म्हणणं, लायब्ररी बंद. बरं, बंद केली. घरात वायफाय आहे ना? सिनेमाला निदान सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं. २०२३ च्या दुरुस्तीपासून त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी असे वेगवेगळे टप्पेही आले. पुस्तकाला तसला शिक्का नसतो, हे खरं. पण फोनवरच्या रीलला तरी कुठे असतो? पुस्तक वाचायला अक्षर लावावं लागतं, वेळ द्यावा लागतो, न कळलेलं मूल ओलांडून पुढे जातं आणि नकोसं झालं की मिटतं. छापलेल्या पुस्तकाच्या मागे निदान एक लेखक असतो, एक संपादक असतो, लायब्ररीत ते घेणारं कुणीतरी असतं. रात्री साडेअकराला पांघरुणाखाली उघडणाऱ्या व्हिडिओच्या मागे कोण असतं, ते यांना विचारा.

याचा अर्थ छापलेलं सगळं सोनं, असं नाही. काही पुस्तकं मी स्वतः आठवीच्या मुलीच्या हाती दिली नसती. आत्महत्या कशी केली याचं बारीकसारीक वर्णन असलेली, आणि ती करणाऱ्याभोवती तेजोवलय उभं करणारी कादंबरी मी या वयात नको म्हणेन. घरात कुणी गेलेलं असेल, मूल आधीच गप्प गप्प असेल, तर नक्कीच नको. असं वागणं महिनाभर चाललं, तर पुस्तकांची झडती घेत बसू नका, टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रकार तुम्हाला कदाचित माहीतही नसेल, पण आठवी-नववीच्या मुलींमध्ये जोरात आहे. इन्स्टाग्रामवर बघून घेतलेल्या इंग्रजी प्रेमकथा. रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडे पायरेटेड कॉपी स्वस्तात मिळते, मुखपृष्ठावर फुलं-पानं असतात, आई कौतुकाने बघते की पोर इंग्रजी वाचते. आत नायक मुलीचा पाठलाग करतो, फोन तपासतो, मनगट आवळतो, कोंडून ठेवतो, आणि त्यालाच प्रेम म्हटलेलं असतं. तुमच्या कादंबरीतल्या काकापेक्षा मला या नायकाची जास्त काळजी वाटते. काका वाईट आहे हे वाचणाऱ्या पोरीला कळतं. हा वाईट आहे हे कळू नये, अशीच त्या पुस्तकाची रचना असते. तरीही लपवून वाचू देण्यापेक्षा उघड वाचून तिच्याशी भांडलेलं बरं. "हा तुझ्या मैत्रिणीशी असा वागला तर तू तिला काय सांगशील?" एवढा एक प्रश्न मी मुलींना विचारायची. काही हसायच्या, काही चिडायच्या, एखादी दोन दिवसांनी येऊन पुस्तक परत टेबलावर ठेवायची.

शिव्यांचं तुम्ही लिहिलंत. शिवी कुणाच्या तोंडी आहे आणि कुणावर पडतेय, ते बघा. आपल्या विहितगावात जन्मलेले दलित कथाकार बाबूराव बागूल घ्या. १९६३ साली त्यांचा पहिला कथासंग्रह आला तेव्हा त्यातली भाषा कित्येकांना सोसली नव्हती. पण ज्या माणसांना दिवसरात्र शिव्या खाव्या लागत होत्या, त्यांची गोष्ट साजूक मराठीत सांगितली असती तर ती खोटी झाली असती. तुमची लेक सिटी बसमधून शाळेत जात असेल तर या शिव्या तिने केव्हाच ऐकल्यात. फक्त त्या ऐकणाऱ्याला कशा लागतात, ते तिला बसमध्ये कळत नाही.

आता 'ठरवायचं कसं'. वयाचा आकडा सांगा, असं लोक मला विचारतात. मी सांगत नाही, कारण एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुली एकाच पुस्तकातून दोन वेगळ्या गोष्टी घेऊन उठताना मी बघितल्यात. एकीला त्यातलं मरण दिसायचं, दुसरीला त्यातलं जेवण. साने गुरुजींनी 'श्यामची आई' आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. तुम्ही ती तुमच्या तिसरीतल्या मुलाला उद्या बिनधास्त द्याल, द्यावीच. पण त्यात काय काय आहे ते आठवून बघा: कर्ज, दारात सावकाराचा तगादा, अपमान, आजारपण आणि शेवटी आईचं मरण. आठ वर्षांच्या पोराच्या जगात आई मरण्यापेक्षा भयंकर काय असतं? ते 'मोठ्यांचं' आपल्याला वाटत नाही, कारण ते वाचून मूल रडलं तर आपल्याला त्याला जवळ घेता येतं. शरीराचं वाचून मुलीने काही विचारलं, तर काय करायचं हे आपल्याला ठाऊक नसतं. खरी अडचण ही आहे, आणि ती आपली आहे, मुलीची नाही.

मग मी काय बघायचे? मूल वाचलेल्याबद्दल बोलतंय का. "काय झालं गं त्यात?" विचारल्यावर गोष्ट सांगता येते का, की तोंड बंद होतं. झोप नीट आहे ना, जेवण नीट आहे ना. एखादं पुस्तक मध्येच सोडलं, तर सोडायची मोकळीक आहे ना; काही घरांत 'घेतलंय तर पुरं कर' म्हणतात, ते अशा पुस्तकांच्या बाबतीत अजिबात म्हणू नका. आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला तेवढंच उत्तर द्या. तिने शब्दाचा अर्थ विचारला तर अर्थ सांगा, भाषण नको. उत्तर येत नसेल तर "बघून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. शाळेवर सोडू नका. प्रजननाचा धडा राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात येतो, आणि तोही वर्गात कसा उरकला जातो ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

बोलता बोलता तिने तिचं किंवा मैत्रिणीचं खरंखुरं काही सांगितलं, तर चेहरा सांभाळा. "नक्की ना?", "तू तिथे कशाला गेलीस?" हे दोन प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका. ऐकून घ्या, "तुझी काही चूक नाही" म्हणा, आणि घरातल्या घरात मिटवायला बघू नका. असं करणारा बहुतेक वेळा मुलांच्या ओळखीतलाच असतो, म्हणूनच मिटवामिटवी होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे, आणि असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं हे त्या कायद्याने बंधनकारक केलंय. कुठून सुरुवात करायची कळलं नाही, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर चोवीस तास फोन घेतात. हे सगळं तुम्हाला लागणार नाही, अशी मला आशा आहे.

राहिली सही. करू नका.

तुमच्या लेकीने काय वाचावं, हे ठरवायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. पुस्तक पूर्ण वाचून तुम्ही म्हणालात की, 'बाळा, हे दोन वर्षांनी वाच', तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. कारण मात्र तिला सांगा. ग्रुपमधल्या दुसऱ्या आईने तिच्या मुलासाठी तेच ठरवलं तर तिचंही बरोबर. ग्रंथपालांना भेटून 'माझ्या मुलाला अमुक पुस्तक देऊ नका' असं लिहून देता येतं, मला पालकांनी अशा चिठ्ठ्या दिलेल्या आहेत आणि मी त्या पाळल्यात. पण पुस्तक कपाटातूनच काढा म्हणताना तुम्ही शाळेतल्या सगळ्या पोरांचं ठरवता, त्यांच्या आयांना न विचारता. आणि त्या शाळेत एखादी मुलगी अशीही असेल, जिच्या घरात खरोखरच तो काका आहे. तिला आई नाही सांगत, बाई नाही सांगत, ग्रुपवर तर कुणीच नाही. जे तिच्याशी होतंय त्याला नाव आहे आणि दोष तिचा नाही, हे तिला पहिल्यांदा त्या तुमच्या फोटोतल्या पानावर कळू शकतं. त्या पोरीची सही तुमच्या कागदावर नसेल.

निवेदनाच्या जागी मागायच्या गोष्टी आहेत. पाचवीच्या मुलांची आणि नववी-दहावीची कपाटं वेगळी आहेत का? पुस्तकं घेताना कोण वाचून घेतं, की यादी येते आणि खोकी उघडली जातात? हे दुसरं मी माझ्या काळात पुष्कळ बघितलंय; पुस्तकं वजनावर आल्यासारखी यायची. ग्रंथपालाचं पद भरलेलं आहे, की खेळाचे सर किल्ली सांभाळतात? पालकांतल्या चारपाच जणांनी दर सत्रात नवी पुस्तकं वाचून मत द्यायचं, अशी सोय करता येईल का? हे विचारायला सभा उत्तम. त्यावर पहिली सही तुमची करा, हवं तर मोठ्या अक्षरात करा.

सभेत कुणीतरी म्हणेलच, "अहो, तुम्हीच तर फोटो पाठवलात!" तेव्हा म्हणा, हो, एक पान वाचून पाठवला, आता पूर्ण वाचलंय. मग त्यांना विचारा, तुमच्यापैकी कुणी वाचलंय? खुर्च्या सरकल्याचे आवाज येतील थोडा वेळ. काही जणी तुमच्यावर चिडतील, एकदोघी ग्रुपवर टोमणेही मारतील. नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर ते विरून जातं, पुढच्या आठवड्यात स्कूल व्हॅनच्या भाड्याचा विषय येतो.

धाकट्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ताईची पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा. त्याने मागितलं तर 'हे ताईच्या वयाचं, तू आठवीत गेलास की तुझं' असं सांगा. चोरून एखादं काढलंनच, तर बहुधा दोन पानांत कंटाळून ठेवून देईल.